दुधाचे खाडे

इंदूरच्या विजय नगरात, एका मराठी घरात, स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असे. घराचा सगळा हिशेब त्यावर धाकट्या सुनेच्या बारीक अक्षरात असायचा. दुधाचे खाडे, सिलिंडर आला ती तारीख, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपतील तो दिवस. तिच्या स्वतःबद्दल मात्र त्यावर एक अक्षर नव्हतं.

वय 49. पाळी जाऊन चौदा महिने झाले होते. मध्यरात्री छातीतून गरम वाफ उठायची, मानेवरून डोक्यात चढायची, उशी घामानं ओली व्हायची आणि पाठोपाठ थंडी वाजायची. मग झोप नाहीच. सकाळी पोह्यांत मीठ पडायचं राहून जायचं आणि कुणी बोललं की डोळे भरून यायचे.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाईचा जन्म म्हटला की हे आलंच. आम्ही कधी कुणाला सांगितलं का?"

मोठ्या जाऊबाई मायाळू. मेघदूत उपवनात सकाळी फिरताना त्यांनी पिशवीतून गोळ्यांचं पान काढून तिच्या हातात ठेवलं. "हे घे. मला महिन्याभरात फरक पडला. उगाच सोसत बसू नकोस."

त्या रात्री ती पाण्याचा पेला घेऊन उभी असताना मुलीनं पान पाहिलं. "आई, हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणतात!" पेला तसाच राहिला. एकीकडे जाऊबाईंचा अनुभव, दुसरीकडे मुलीची भीती. दुसऱ्या दिवशी मायलेकी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेल्या.

डॉक्टरबाईंनी पान उलटून पाहिलं. "ही ज्यांची आहे, त्यांचं गर्भाशय काढलंय का?"

"हो, नऊ वर्षं झाली. तुम्हाला कसं कळलं?"

"यात नुसतं इस्ट्रोजेन आहे. गर्भाशय नसेल तर चालतं. तुमचं आहे. नुसत्या इस्ट्रोजेननं त्याचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं. गोळी त्यांना योग्यच आहे, पण ती तुमची नाही."

मग त्यांनी विचारलं, "रात्री किती वेळा जाग येते? आठवड्यातून किती रात्री?"

तिला सांगता येईना. गेल्या महिन्यातले दुधाचे खाडे ती तोंडपाठ सांगू शकली असती.

"पंधरा दिवस लिहून आणा," बाई म्हणाल्या. "तोवर रक्तदाब, साखर, थायरॉइड, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी करून घेऊ."

कालनिर्णयावर लाल ठिपके उमटू लागले. पंधरा दिवसांत एकेचाळीस. तिचं तिलाच नवल वाटलं.

तपासण्या ठीक आल्या. डॉक्टरबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं आणि जराशा उष्म्यानंही घाम फोडतं. त्यावर सगळ्यांत गुणकारी उपाय हार्मोनचाच. "2002 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानं जग घाबरलं. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, तब्येत चांगली असेल तर बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त. मात्र स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा मोठा आजार झालेला असेल, तर हा मार्ग सहसा धरत नाहीत. त्यांच्यासाठी बिनहार्मोनची औषधं आहेत, समुपदेशनाचा एक प्रकारही आहे. आणि पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच यायचं."

तिला त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी मिळाली. हाडांसाठी रोजचं चालणं ठेवायचं होतं.

तिसऱ्या महिन्यात ठिपके विरळ झाले. एका सकाळी खाडे लिहायला ती कालनिर्णयापाशी गेली, तर तीन तारखांच्या चौकटीत थरथरत्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं: "लघवीला जळजळ." मागे सासूबाई उभ्या होत्या, पदराशी चाळा करत.

"किती वर्षं आई?"

"मोजली नाहीत गं."

तिनं त्यांची चप्पल दाराशी आणून ठेवली. त्याच डॉक्टरबाईंनी लघवी तपासली आणि सांगितलं, पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी, पातळ होते. त्यावर लावायचं मलम असतं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "इतकं सोपं होतं?"

आता त्या कालनिर्णयावर दोन अक्षरं असतात, एक बारीक आणि एक थरथरतं.

तात्पर्य: घराचा हिशेब ठेवणारीनं स्वतःच्या शरीराचाही ठेवावा. दुखणं सांगितल्याशिवाय उपाय सापडत नाही, आणि एकीचं औषध दुसरीला लागू पडेलच असं नाही.