दहा गुणांचे प्रौढ शिक्षण

मुंबई विद्यापीठाच्या कुठल्याही महाविद्यालयात विस्तारकार्याचा विषय काढा, विद्यार्थ्यांना आधी आठवतात ते दहा गुण. आजीवन अध्ययन व विस्तार विभागाच्या एखाद्या प्रकल्पात वर्षभरात 120 तास काम करायचे, अहवाल वेळेत द्यायचा, की हे जादा गुण पदरात पडतात. सर्वेक्षण, पथनाट्य, पोस्टर, शेवटी ‘उडान’ महोत्सव. मुले मन लावून करतात. एखाददुसऱ्याच्या आयुष्याची दिशाही त्यात बदलते. मुलांविषयी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती विद्यापीठांविषयी. मोठी माणसे कशी शिकतात, काय विसरतात, का सोडून जातात, हा खरे तर प्राध्यापकांनी आयुष्य घालवावे असा अभ्यासविषय. आपल्या विद्यापीठांनी तो विशी न ओलांडलेल्या मुलांच्या फावल्या वेळेवर सोपवला.

हे असे होण्यामागे इतिहास आहे. 1977 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तार हे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले. 2 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. 15 ते 35 वयोगटातल्या दहा कोटी निरक्षरांना पाच वर्षांत शिकवायचे, असे त्याचे उद्दिष्ट. मुंबई विद्यापीठाचा प्रौढ शिक्षण विभागही त्याच वर्षीचा. म्हणजे आपल्याकडे हे विभाग जन्मले ते सरकारी कार्यक्रमाचे बोट धरून. केंद्रे उघडा, हजेरीपट भरा, आकडे वर पाठवा, असा तो व्यवहार. पुढे प्रौढ शिक्षणाचे निरंतर शिक्षण झाले, निरंतर शिक्षणाचे आजीवन अध्ययन झाले. पाट्या रंगवणाऱ्यांना काम मिळाले. 2017 मध्ये पंचवार्षिक योजनाच संपल्या, आणि त्यांच्या पैशावर उभे असलेले देशभरातले असे अनेक विभाग अधांतरी झाले. इतिहास किंवा रसायनशास्त्राच्या विभागाचे असे होत नाही, कारण ते विषय कुठल्या योजनेचे पोट-काम नसतात.

विस्तार विभाग म्हणजे दुय्यम, असा काही निसर्गनियम नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे विद्यापीठात साठीच्या दशकाच्या सुरुवातीला असाच एक सांस्कृतिक विस्तार विभाग होता आणि त्याचा प्रमुख होता पाउलो फ्रेरी. 1963 मध्ये अंजिकोस या गावात त्याच्या गटाने सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवले. चाळीस तासांचे कौतुक सगळे करतात. मला महत्त्वाचे वाटते ते त्या चाळीस तासांच्या आधीचे काम. माणसे आधी वस्तीत गेली, लोक काय बोलतात ते ऐकत बसली, त्यातून मोजके शब्द निवडले आणि त्या शब्दांवर धडे बांधले. वीट, जमीन, काम, मजुरी यांभोवतीचे शब्द. त्यातून अक्षरे सुटी झाली आणि गप्पाही सुरू झाल्या: ही वीट कोणाच्या घराला लागते? पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरीला आधी तुरुंगात टाकले आणि मग देशाबाहेर जावे लागले. अक्षरओळख करून देणाऱ्या माणसाची एवढी धास्ती उगाच कोणी घेत नाही. त्या शब्दांची निवड हे संशोधन होते, भाषाशास्त्र आणि समाजशास्त्र दोन्ही होते, आणि ते एका विद्यापीठाच्या विस्तार विभागात घडले.

आपल्याकडे अभ्यासण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्याने संध्याकाळच्या एखाद्या साक्षरता वर्गात जाऊन बसावे. पहिल्या आठवड्यातच ‘हिच्या डोक्यात काही शिरत नाही’ असा शिक्का जिच्यावर बसतो, त्या पंचेचाळिशीच्या बाईला पुष्कळदा जवळचे दिसतच नसते. आजवर तिला बारीक अक्षर वाचायची वेळ आली नाही, त्यामुळे चाळिशीचा चष्मा लागला आहे हे तिला आणि घरच्यांना कळलेलेच नाही. सुई ओवायला नात असते. प्रौढांच्या वर्गात पहिले साधन पाटी नव्हे, चष्मा.

मग सही. सही करायला शिकलेली बाई बचतगटाच्या रजिस्टरात ती झोकात करते. तिच्याच नावातली अक्षरे सुटी करून समोर ठेवा, ओळखता येत नाहीत. तिने सही एक नक्षी म्हणून उचलली आहे, रांगोळीसारखी. अंगठा गेला एवढे खरे. त्या रजिस्टरात वर काय लिहिले आहे, कर्ज किती, व्याज किती, हे आजही दुसराच कोणीतरी वाचून सांगतो.

गणिताची गोष्ट उलटी. मंडईत वांगी विकणारी बाई ऐंशी रुपये किलोने पावणेदोन किलोचे पैसे सांगायला क्षणभरही थांबत नाही. दोन किलोचे एकशेसाठ, त्यातून पावाचे वीस गेले, एकशेचाळीस. तिला 1.75 गुणिले 80 असे लिहून दाखवा, ती पेन खाली ठेवेल. रेसिफेच्याच रस्त्यांवर माल विकणाऱ्या मुलांबाबत नेमके हेच दाखवणारा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला आणि गणित शिक्षणात तो आजही वाचला जातो. आपल्या मंडया त्याहून मोठ्या, पाव-निम-पाऊण यांची तोंडी परंपरा अधिक जुनी. शिवाय मराठी आकड्यांचा पेच वेगळाच: पंचेचाळीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना चार. नवशिका 54 लिहितो आणि चूक ठरतो. यावर पिढ्यान्‌पिढ्या प्रबंध व्हायला हवे होते. झाले ते बहुतांशी ‘अमुक जिल्ह्यातील साक्षरता अभियानाचा चिकित्सक अभ्यास’ या साच्यातले: प्रश्नावली, टक्केवारी, शेवटी शिफारशी. चिकित्सा शीर्षकातच संपते.

दुःख याचे की इथे करून पाहणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली. सातारा जिल्ह्यात 1959 मध्ये ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि राज्यभर पसरली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. गावेच्या गावे शिकली, हे खरेच. त्यातली किती माणसे दहा वर्षांनी वाचू शकत होती, हा प्रश्न समारंभाच्या फोटोत मावत नाही. आणि मुंबईत वरळीला 1967 मध्ये देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ उघडले, मुंबई शहर समाज शिक्षण समितीच्या पुढाकाराने. कल्पना अशी की गिरणीतल्या कामगाराला कसबही शिकवायचे आणि त्याच्या जगण्याविषयीचे बाकीचेही, तेही त्याच्या पाळीच्या वेळा सांभाळून. ही योजना देशभर गेली, तिचे नाव जन शिक्षण संस्थान झाले आणि 2018 मध्ये ती शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास खात्याकडे गेली. शिवणकाम राहिले, शिवणाऱ्या बाईने वर्तमानपत्र वाचावे, ही अपेक्षा खात्याबरोबरच मागे पडली.

दर दहा-पंधरा वर्षांनी नवी मोहीम येते आणि आधीच्या मोहिमेने काय शिकवले याची वही कोणाकडेच नसते. 1988 च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनमध्ये तीन वाचनपुस्तिका आणि सुमारे 200 तास असा आराखडा होता. कुठे तो चालला, कोणत्या धड्यापाशी माणसे गळली? ज्या शिक्षक-शिक्षिकांनी कंदिलाच्या उजेडात ते वर्ग घेतले, ते आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या आठवणी टिपून ठेवणे हे शिक्षण खात्याचे काम नव्हे, खात्याला पुढच्या तिमाहीचे आकडे हवे असतात. ते काम विद्यापीठाचेच.

आताचा कार्यक्रम ‘उल्लास’, 2022 ते 2027. त्यात पायाभूत साक्षरतेबरोबर जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण असे पाच घटक कागदावर आहेत. मोजला जातो मुख्यतः पहिला: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 गुणांची चाचणी. ज्या रविवारी ती होते, त्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांच्या बाकांवर आजीबाई गुडघे कसेबसे आत घेऊन बसलेल्या दिसतात. वर्तमानपत्रांना फोटो मिळतो. शिकवणारे स्वयंसेवक, मानधनाशिवाय. स्वयंसेवेला नमस्कार, पण शेजारची कॉलेजकन्या मनापासून शिकवील म्हणून तिला शिकवता येईलच, हे आपण मुलांच्या शाळेबाबत मान्य करत नाही. तिथे डी.एड., बी.एड., पात्रता परीक्षा लागतात. प्रौढांना शिकवायला मात्र सद्‌भावना पुरते.

एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, तोही जबाबदार माणसांकडून: जुनी पिढी जाईल तसा प्रश्न आपोआप सुटेल. सभ्य शब्दांत सांगितले तरी याचा अर्थ ही माणसे मरण्याची वाट पाहायची, एवढाच होतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातली स्त्री-साक्षरता जवळपास 76 टक्के होती, तीही विचारून नोंदलेली, वाचायला देऊन तपासलेली नव्हे. उरलेल्या निरक्षर बायकांपैकी तेव्हा विशीत असलेल्या आज पस्तिशी-चाळिशीच्या आहेत. आणि प्रश्न अक्षरओळखीवर थांबत नाही. आठवीत शाळा सुटलेला तरुण आज ओटीपी, वीजबिल, पीकविम्याचा अर्ज आणि फसवणुकीचे फोन या सगळ्याला एकट्याने तोंड देतो. त्याला शिकायचे असेल तर दार कुठले? नाशिकला 1989 मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झाले आणि राम ताकवले यांच्यासारख्या कुलगुरूंनी ते घडवले, तेव्हा पूर्वतयारी अभ्यासक्रमातून शाळा सुटलेल्यांनाही पदवीची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात प्रौढ शिक्षणाचा विचार विद्यापीठाच्या पातळीवर गांभीर्याने झाला, असे म्हणता येईल अशा मोजक्या जागांपैकी ती एक.

बाकी विद्यापीठांना हे जमू नये असे कायद्यात काही नाही. उलट महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ हे विद्यापीठाचे एक प्राधिकरणच आहे, विद्या परिषद ज्या यादीत आहे त्याच यादीतले. प्राधिकरणाला करण्यासारखे पुष्कळ आहे: बी.एड.ला प्रौढ शिक्षणाचा एक पूर्ण पेपर, जिल्ह्यातले दोन-तीन वर्ग पाच-सहा वर्षे सलग पाहणारे संशोधन, कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या बोलीतून मराठीत येणारी पुस्तिका. यातल्या कशालाही महोत्सव लागत नाही. पूर्णवेळ माणसे लागतात.

पदवीधर मतदारसंघातून सिनेटवर दहा जण निवडून जातात. तुमचे नाव त्या मतदारसंघाच्या मतदारयादीत असेल, तर पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला एवढे विचारा: आपल्या विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, आणि गेल्या पाच वर्षांत त्यांनी काय शोधून काढले?