‘तुम्ही व्हा पुढे’

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पाच भाऊ, द्रौपदी आणि आपण होऊन मागे लागलेला एक कुत्रा हिमालयाकडे चालू लागतात. प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि अखेरीस भीम. प्रत्येक वेळी भीम कारण विचारतो, आणि युधिष्ठिर त्या त्या व्यक्तीचा दोष सांगून, मागे न पाहता चालत राहतो. इंदूरला शाळेत असताना ही कथा ऐकली, तेव्हा कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारणारा धर्मराज फार मोठा वाटला होता. भावांसाठी तो का थांबला नाही, हा प्रश्न मनात आला नाही. तो यायला पन्नाशी उलटावी लागली आणि एका परक्या डोंगरावर घसरावे लागले.

परका तरी कसा म्हणू? व्हँकूवरमध्ये राहून मला वीस वर्षे झाली. शहराच्या उत्तरेला ग्राउस, सिमोर आणि सायप्रस हे डोंगर इतके जवळ आहेत की सकाळी डबा घेऊन स्कीइंगला जावे आणि रात्री जेवायला घरी यावे. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमधील काही स्पर्धा सायप्रसवर झाल्या. त्या वेळी हिम पुरेसे नसल्याने ते ट्रकांनी आणि हेलिकॉप्टरांनी आणावे लागले होते. समुद्रकाठचा हा डोंगर असा लहरी आहे. म्हणूनच एखाद्या रात्री ताजे, भुसभुशीत हिम पडले की स्कीवाल्यांना उधाण येते. दुपारपर्यंत सारा उतार तुडवला जातो. जो आधी पोचेल त्याचे सुख. त्यांच्यात एक म्हण आहे: ताज्या हिमाच्या दिवशी कोणी कोणाचा मित्र नसतो. ती हसत म्हटली जाते, पण पाळलीही जाते.

आम्ही चौघे असतो. एक वडोदऱ्याचा, एक बेळगावचा, एक तिथलाच, आणि चौथा मी, सर्वांत मंद. हा खेळ मोठा चमत्कारिक आहे. जायचे सर्वांनी मिळून, पण खाली यायचे ज्याचे त्याने. मैत्री जी काही होते ती वर जाताना, लिफ्टच्या खुर्चीवर पाय लोंबकळत असताना. खाली येताना प्रत्येक वळणावर तिघे माझ्यासाठी थांबत. आणि इथे एक गोष्ट थांबणाऱ्याच्या कधी लक्षात येत नाही. मी धापा टाकत पोचलो की ते म्हणत, ‘आलास? चला’, आणि निघत. त्यांची विश्रांती झालेली असे. ज्याला तिची खरी गरज, त्याच्या वाट्याला ती कधीच येत नसे. दया करणाऱ्याचा हिशेब आणि दया घेणाऱ्याचा हिशेब असे वेगळे असतात.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी असेच ताजे हिम पडले होते. दुसऱ्याच फेरीत मी म्हणालो, ‘अरे, तुम्ही व्हा पुढे. मी येतो सावकाश.’ बेळगावकराने एकदा विचारले, ‘नक्की ना?’ मी ‘नक्की’ म्हणालो. त्या क्षणी मला स्वतःच्या औदार्याचे कौतुकही वाटले.

ठरल्या वेळी उपाहारगृहात दोघेच आले. वडोदऱ्याचा, आमच्यातला सर्वांत तरबेज, आला नाही. प्रत्येकाला वाटत होते की तो दुसऱ्याबरोबर आहे. हेमलॉकसारख्या सदाहरित झाडांच्या खालच्या फांद्या हिम अडवून धरतात, त्यामुळे बुंध्याभोवती एक पोकळ, सैल खड्डा तयार होतो. वरून तो दिसत नाही. त्यात उलटा पडलेला माणूस बहुधा स्वतः बाहेर येऊ शकत नाही. हिमात गुदमरून माणसे दगावली आहेत. म्हणून झाडीत जाताना सोबत्याच्या नजरेत राहावे, असे तिथे बजावून सांगतात. आम्ही गस्तीच्या लोकांना कळवायला उठलो, तोच तो दारात दिसला. झाडीत एकटाच शिरला होता आणि खड्ड्यात गेला होता. नशिबाने पायांवर पडला, छातीपर्यंत रुतला, आणि दोन अनोळखी मुलांनी त्याची हाक ऐकून त्याला ओढून काढले. तो हसत होता, पण कॉफीचा पेला त्याला दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या दहा नियमांत अपघात झाल्यास मदत करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य सांगितले आहे. ती मुले त्या नियमाने वागली. पण मंद माणसासाठी थांबावे असा नियम कुठेही नाही, आणि असूही शकत नाही. ते काम मैत्रीवर सोडलेले आहे. मग मी दिलेल्या मुभेने माझे मित्र त्या बंधनातून सुटले का? व्यवहाराच्या न्यायाने सुटले. धनकोने कर्ज माफ केले तर ऋणको मोकळा होतो. परंतु हे देणे केवळ माझेच होते, असे मी समजलो ही माझी चूक. माझ्यासाठी थांबावे लागत असल्यामुळे ते तिघे वस्तुतः एकमेकांसाठीही थांबत होते. मी गाठ सोडली आणि मोळी सुटली. शिवाय मुभा देण्यामागचे माझे औदार्य तपासून पाहिले, तर त्यात निम्मी लाजच निघते: आपल्यासाठी कोणी ताटकळत आहे ही जाणीव मला सोसत नव्हती.

युधिष्ठिराकडे पुन्हा वळतो. जाणकार म्हणतील की तो सर्वसंगपरित्यागाचा मार्ग होता, तिथे मागे पाहणे हाच मोह. मान्य. तरीही त्याने प्रत्येकाचा दोष सांगितला, हे मला खटकते. न थांबणाऱ्याला कारणे सापडतातच. मलाही सापडली होती: वडोदऱ्याचा अतिआत्मविश्वासी आहे, असे आम्ही तिघे त्याची वाट पाहताना एकमेकांना सांगत होतो. अन्यथा इतका वेळ बसलो कसे असतो?

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. पहिल्या वळणावर तिघे उभे होते. मी पोचलो, बेळगावकर म्हणाला, ‘आलास? चला.’ मी म्हणालो, ‘थांबा रे जरा. मला श्वास घेऊ द्या.’ ते थांबले. खाली समुद्रात जहाजे उभी होती. ती मोजण्यात दोनतीन मिनिटे गेली.