फलत्याग आणि घातक कचरा

कर्म करावे आणि फळ सोडावे, ही गीतेची शिकवण घातक कचऱ्यापाशी येऊन अडखळते. कारखान्यातल्या कर्माचे एक फळ बाजारात जाते, दुसरे पिंपांत साठते: सांडपाणी प्रक्रियेतला गाळ, जळके तेल, वापरून झालेली रसायने. हे दुसरे फळ सोडायला सगळेच उत्सुक असतात. रात्री नाल्यात टँकर रिकामा करणाराही फळ सोडतोच की!

विनोबांनी गीतेवरची प्रवचने 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. फलत्याग हा त्यांतला मोठा विषय. पण फळावरचा हक्क सोडणे वेगळे आणि परिणामाची जबाबदारी झटकणे वेगळे. पुढचा परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःची कुवत न पाहता मोहाने आरंभलेले कर्म गीतेनेच अठराव्या अध्यायात तामस ठरवले आहे.

पर्यावरण तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः हा पुढचा परिणाम पाहण्याची सवय. खानदेशातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. उघड्यावर टाकलेल्या गाळातले विष पहिल्या पावसाबरोबर त्या भेगांत उतरू शकते, आणि रावेर-यावलच्या केळीबागा भूजलावर जगतात. म्हणून नमुना कसा घ्यावा, कोणती रसायने शेजारी ठेवू नयेत, हे विद्यार्थ्याने हाताने शिकायचे असते. 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार असा कचरा कारखान्यात सर्वसाधारणपणे 90 दिवसांपर्यंतच साठवता येतो. तो बाहेर पडताना सोबत सात प्रतींचा वाहतूक दस्तऐवज असतो आणि त्यातली एक प्रत पोच म्हणून पाठवणाऱ्याकडे परत येते. पर्यावरणाचे नुकसान झाले, तर कारखानदार आणि विल्हेवाट केंद्राचा चालक दोघेही त्याला जबाबदार धरले जातात.

मग फलत्यागाला जागा कुठे उरते? ती काम करणाऱ्याच्या मनात उरते. न घडलेल्या अपघाताची बातमी होत नाही, स्वच्छ राहिलेल्या विहिरीचे श्रेय कुणी देत नाही. नमुन्यात दोष आहे, असे मालकाला तोंडावर सांगणाऱ्याला बढतीची आशा सोडावी लागते. खरा त्याग हाच, आणि कोणत्याही यंत्रापेक्षा तो शिकायला कठीण.

जळगावच्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. त्याच जिल्ह्यात, अमळनेरला, 1916 साली स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर आहे. साने गुरुजी तिथे शिकले होते. हा धडा या दोन्ही संस्थांनी मिळून शिकवायला घ्यावा.