सही केली म्हणजे संपले काय?

दिलेला शब्द पाळावा, असे आपण मुलांना लहानपणापासून शिकवितो. स्वतःचे नुकसान झाले तरी शपथ न मोडणाऱ्या मनुष्याची वाखाणणी पंधराव्या स्तोत्रात आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. परंतु कागदावर काय लिहिले आहे हे दोघांपैकी एकालाच कळत असेल, तर दुसऱ्याच्या सहीला ‘शब्द’ म्हणावे काय? साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतील न्यायालयापुढे हा प्रश्न आला, तो एका फर्निचरच्या दुकानामुळे.

वॉशिंग्टन शहरात वॉकर-थॉमस फर्निचर कंपनी हप्त्याने घरसामान विकीत असे. १९५७ ते १९६२ या काळात एका बाईने तिच्याकडून चादरी, पडदे, खुर्च्या, पलंग, गाद्या, कपडे धुण्याचे यंत्र असे सामान वेळोवेळी घेतले. बाई नवऱ्यापासून विभक्त, शिक्षण बेताचे, पदरी सात मुले, आणि उत्पन्न म्हणजे महिना २१८ डॉलरची सरकारी मदत. १७ एप्रिल १९६२ रोजी तिने ५१४ डॉलर ९५ सेंटचा स्टीरिओ संच घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हप्ता थकला. कंपनी कोर्टात गेली, आणि तिने नुसता स्टीरिओ नव्हे, तर डिसेंबर १९५७ पासून दिलेले सगळेच सामान परत मागितले!

हे कसे शक्य झाले? करारपत्रातील बारीक अक्षरांत एक वाक्य होते. बाई जी रक्कम भरील ती शिल्लक असलेल्या सर्व वस्तूंच्या खाती थोडी थोडी वाटली जाईल, असा त्याचा अर्थ. म्हणजे जुने देणे पूर्ण फिटण्याआधी नवी वस्तू घेतली की पहिली चादरदेखील कागदोपत्री अर्धवटच फिटलेली राहणार. एकूण सुमारे १८०० डॉलरच्या खरेदीपैकी तिने १४०० भरले होते. स्टीरिओ घेण्याच्या वेळी बाकी होती अवघी १६४ डॉलर. साधा हिशेब ठेवला असता तर पलंग-गाद्या केव्हाच तिच्या झाल्या असत्या.

मला सर्वांत बोचते ती निराळीच गोष्ट. स्टीरिओच्या करारपत्राच्या पाठीमागे त्या बाईची देखरेख करणाऱ्या समाजसेविकेचे नाव व २१८ डॉलरचा आकडा कंपनीने लिहून ठेवला होता. अज्ञान एका बाजूला होते; दुसरी बाजू सर्व जाणून होती. विकणारा जेव्हा इतके जाणतो, तेव्हा व्यवहार पार पडण्याची निम्मी जबाबदारी त्याच्यावर येत नाही काय?

१९६४ साली तिथल्या एका न्यायालयाने कंपनीच्या वागणुकीचा निषेध केला, पण करार रद्द करण्यास कायद्यात आधार नाही असे सांगून बाईचे अपील फेटाळले. ११ ऑगस्ट १९६५ रोजी वरच्या न्यायालयात न्यायमूर्ती स्केली राइट यांनी वेगळा निकाल दिला. एका पक्षाला खरी निवड करण्यास वाव नव्हता आणि अटी दुसऱ्याच्याच अवाजवी फायद्याच्या आहेत, असे दिसले तर तो करार विवेकबुद्धीला न पटणारा म्हणून अंमलात आणण्यास न्यायालय नकार देऊ शकते. बाईचे कर्ज मात्र त्यांनी माफ केले नाही. या कसोटीवर फेरविचार करावा म्हणून खटला खाली परत पाठविला.

तीनपैकी एक न्यायाधीश, डॅनहर, यांना हे पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. मदतीवर जगणाऱ्यांनाही उधारी लागते. धोका पत्करून ती देणारा दुकानदार जास्त भाव लावणारच. शिवाय गरिबाने काय घ्यावे हे ठरविणारे आपण कोण? सात मुलांच्या घरात गाणे नको, असे म्हणणाऱ्या सद्‌गृहस्थांच्या घरी बहुधा रेडिओ असतो. स्टीरिओ घेतला यात बाईचा अपराध मला दिसत नाही, आणि पैसे थकले म्हणून तो परत नेला असता तर अन्यायही म्हणता आला नसता. माझी तक्रार आहे ती मुलांचा पलंग त्या संचाला बांधून ठेवण्याबद्दल.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात जाते गहाण घेण्यास मनाई आहे, आणि धनकोने गहाण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात न शिरता बाहेर उभे राहावे असा नियम आहे. कर्ज बुडवावे असे तिथे कोठेही नाही. घेणे खरेच आहे. ते वसूल करण्याला उंबरठा आहे. वॉशिंग्टनच्या त्या घरातून मात्र कोर्टाच्या हुकुमाने पलंग, खणांचे कपाट आणि धुण्याचे यंत्रही स्टीरिओबरोबर उचलले गेले होते.

आपल्या देशातही हा विचार आला आहे. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या नोकरीच्या करारातील अट, केवळ तीन महिन्यांच्या नोटिशीवर कायम नोकराला काढण्याची, याच कारणासाठी रद्द ठरविली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही स्वतंत्र बाब आली असून तिची तक्रार राज्य आयोगाकडे नेता येते. पण तक्रार करावयाची तर आधी कागद वाचता आला पाहिजे. मंडळीत शिकलेली माणसे पुष्कळ आहेत. शेजारची एखादी बाई हप्त्याने फ्रिज घ्यावयास निघाली, तर तिच्याबरोबर दुकानात जाऊन सही करण्यापूर्वी ती बारीक अक्षरे मोठ्याने वाचून दाखविण्यास अर्धा तास पुरतो.