केरसुणी, यंत्र आणि पंचसूना

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या घरी विजेच्या तारेवाचून चालणारा व्हॅक्युम क्लीनर आला. आईच्या कमरेचे दुखणे आणि तिचा जुना दमा ही त्याची निमित्ते. आपल्या सभासद कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी असे यंत्र एव्हाना आले असेल. त्यात लेख लिहिण्याजोगे ते काय, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु एका सकाळी देवघरापाशी जे घडले त्याने मनात एक प्रश्न उभा केला. तो वडीलधाऱ्यांपुढे मांडावा म्हणून, वयाने व विद्येने लहान असूनही, हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आदल्या दिवशी संकष्टी होती. नैवेद्याच्या मोदकाचा एखादा कण पाटाखाली राहिला असावा, कारण सकाळी भिंतीच्या कडेने मुंग्यांची लांबलचक रांग लागली होती. यंत्र हातातच होते. मी त्याचे तोंड भिंतीला लावले आणि क्षणार्धात रांग नाहीशी झाली. कोठे मेलेली मुंगी नाही, की फरशीवर डाग नाही. मला गंमतच वाटली. नंतर यंत्राची पारदर्शक डबी रिकामी करावयास गेलो, तेव्हा केसांच्या गुंतवळ्यात व धुळीच्या भुकटीत त्या मुंग्या दिसल्या. काही निश्चल होत्या, काही अजून पाय हलवीत होत्या. आई एवढेच म्हणाली, "अरे, तो कण उचलला असतास तर त्या आपणहून गेल्या असत्या."

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली आहेत. त्यांना पंचसूना म्हणतात. चूल, जाते किंवा पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच होत. या प्रत्येक ठिकाणी, इच्छा नसतानाही, जीवहत्या होते. विशेष हे की स्मृतिकाराने 'चूल पेटवू नका, केर काढू नका' असे कोठेही म्हटलेले नाही. जगावयाचे तर हे होणारच, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने निषेध न सांगता फेड सांगितली. ही फेड म्हणजे रोजचे पाच महायज्ञ: अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, देवांसाठी होम, प्राणिमात्रांसाठी बळी आणि अतिथीचा सत्कार. हा हिशेब लहानपणी वडिलांच्या तोंडून मी अनेकदा ऐकला होता. त्या सकाळी तो प्रथमच कळला.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. चुलीच्या जागी गॅस आला, पाट्याच्या जागी मिक्सर, उखळाचे काम गिरणीने घेतले, घड्याची जागा पाणी गाळणाऱ्या यंत्राने घेतली. राहिली होती ती केरसुणी. तिच्या जागीही आता यंत्र आले. पाचही सूना घरातून गेल्या. गेल्या म्हणजे नष्ट झाल्या काय? मला वाटते, त्या केवळ दृष्टीआड झाल्या. केरसुणीने केर काढणारी बाई वाकलेली असे, तिचे डोळे जमिनीपासून हातभर अंतरावर असत. मुंग्यांची रांग दिसली की तिचा हात आपोआप थांबे. यंत्र चालविणारा ताठ उभा असतो. त्याला रांग दिसते, पण मुंगी दिसत नाही.

असे लिहिले म्हणून यंत्राची निंदा करण्याचा माझा हेतू आहे असे कोणी समजू नये. केरसुणी धूळ उचलते त्याहून अधिक ती हवेत उडविते, आणि ती धूळ केर काढणाऱ्याच्याच छातीत जाते. यंत्रात मोटर पंखा वेगाने फिरविते, आतील हवेचा दाब कमी होतो, बाहेरची हवा धुळीसकट आत ओढली जाते. पुढे गाळणीत धूळ अडकते व हवा तेवढी बाहेर पडते. आईचा सकाळचा खोकला त्यामुळे बराच कमी झाला, हे आम्ही घरातल्या सर्वांनी पाहिले आहे. या यंत्राच्या इतिहासातही एक दमेकरीच आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ याने जे यंत्र केले ते इतके अवजड होते की घोड्यांच्या गाडीवर घालून रस्त्यात उभे करीत आणि त्याच्या नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. घरात एका माणसाला हाताळता येईल असे विजेचे यंत्र १९०७ साली अमेरिकेतील ओहायो प्रांतात जेम्स मरे स्पँगलर याने तयार केले. हा गृहस्थ एका दुकानात झाडलोटीचे काम करी व धुळीने त्याचा दमा बळावे. त्याने पंखा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जोडणी करून आपली सुटका करून घेतली. ज्याच्या छातीत ती धूळ जात होती त्यानेच हे साधन शोधले. त्याला सुखलोलुप म्हणण्याचे धैर्य मला तरी होत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात की कष्टांत पुण्य आहे, यंत्राने ते नाहीसे होते. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून विचारतो, हे म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या घरचा केर काढला आहे? मी स्वतः काढला नव्हता. देवळात मात्र काढला आहे. सडासंमार्जन ही देवाची सेवा, असे शिकतच मी वाढलो. माझे वडील आजही पहाटे गाभारा स्वतः झाडतात व ते काम कोणाला करू देत नाहीत. जगन्नाथपुरीस रथयात्रेच्या वेळी गजपती राजा सोन्याच्या झाडूने रथ झाडतो, हे आम्ही कौतुकाने सांगतो. गाडगे महाराजांनी दिवसा गाव झाडले व रात्री कीर्तन केले, हेही सांगतो. पण तोच झाडू घरी आला की तो आईचा, वहिनीचा किंवा मोलकरणीचा. यंत्र आले आणि मी प्रथमच घरातील केर काढू लागलो. माझी धाकटी भावंडे तर यंत्रासाठी भांडतात. श्रम वाचले म्हणून हे झाले असे सांगणे सोपे आहे. खरे असे की हातात केरसुणी धरण्याची जी लाज होती ती यंत्र धरताना वाटेनाशी झाली. हे लिहिताना मला संकोच होतो. आपल्या इंदूर शहराने २०१७ पासून सलग सात स्वच्छ सर्वेक्षणांत पहिला क्रमांक मिळविला, सातव्या वेळी सुरतेच्या जोडीने. त्याचा अभिमान आपण सर्वच मिरवितो. रात्री रस्ते झाडणाऱ्यांना मात्र आपल्यापैकी किती जण नावाने ओळखतात?

मोलकरणीचा विषय निघाला म्हणून आणखी एक कबुली. यंत्राची किंमत आणि केरफरशीच्या बाईंचा पगार यांचा हिशेब मी कागदावर मांडला होता. एकवीस महिन्यांत यंत्राचे पैसे वसूल होतील असे उत्तर आले. अकरा वर्षे त्या आमच्याकडे येतात. आईने तो कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "यंत्र माझ्या कमरेसाठी आणलंय, तिच्या पोटावर नाही." बाई अद्याप येतात. फरशी त्याच पुसतात. यंत्र कधी त्या चालवितात, कधी मी. पाच महायज्ञांत मनुष्यासाठी जो सांगितला आहे तो दारी आलेल्या अतिथीपुरताच असावा काय, की रोज दारी येणाऱ्या बाईंचाही त्यात वाटा आहे, हे शास्त्र जाणणाऱ्यांनी सांगावे.

दसऱ्याला आजीने इतर हत्यारांबरोबर यंत्रालाही हळदकुंकू लाविले. लक्ष्मीपूजनाला मात्र तिने बाजारातून नवी केरसुणीच आणविली आणि यंत्र पाटाजवळ ठेवू दिले नाही. "ते हत्यार, ही लक्ष्मी," एवढाच तिचा खुलासा. मला तो अजून पुरता उलगडलेला नाही.

आता मी यंत्र सुरू करण्यापूर्वी कडेकोपरे वाकून पाहतो. रांग दिसली तर कण उचलतो व थांबतो. डबी तुळशीपाशी उघडून, जे जिवंत असेल त्याला जाऊ दिल्यावरच केर सुक्या कचऱ्यात टाकतो. आई अंगणात मुंग्यांसाठी चिमूटभर साखर टाकते. ते तर ती पूर्वीपासूनच करीत आली आहे.

एक शंका मात्र राहते. यंत्र तारेवाचून चालते ते लिथियमच्या बॅटरीवर, आणि अशा पुष्कळशा बॅटऱ्यांत कोबाल्ट असते. जगातील सर्वाधिक कोबाल्ट काँगो देशात निघते. तेथील हाताने खोदल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलेही राबतात, असे २०१६ साली अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने आपल्या अहवालात प्रसिद्ध केले. माझ्या यंत्रातील कण कोठला हे मला कधीच कळणार नाही. बॅटरी निकामी झाली की ती कचरा गाडीत न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी, २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, एवढे मी करू शकतो. मुंगीची फेड साखरेने होते असे क्षणभर मानू. पण जी सूना आपल्या घरात नाही, आपल्या देशातही नाही, तिची फेड गृहस्थाने कोणत्या यज्ञाने करावी? वडिलांना विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पत्रिकेत लिही, कोणी तरी सांगेल."