अर्थासकट

आमच्या घरात कुरआन सगळ्यात वरच्या फळीवर असे. हिरव्या साटिनच्या जुजदानात गुंडाळलेलं, शेजारी मिटून ठेवलेली, ग्रंथ ठेवून वाचायची शिसवी रेहल. वजू केल्याशिवाय, हातपाय-तोंड धुतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे आम्हा भावंडांना बोलता येण्याआधीच कळलं होतं. आठव्या वर्षी माझा बगदादी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, संपला आणि दहाव्या वर्षी तिसाव्या पाऱ्याची शेवटची सूरह वाचून मी कुरआन खतम केलं. अब्बांनी गल्लीभर बत्तासे वाटले. जबर, जेर, पेश, कुठं श्वास घ्यायचा, कुठं स्वर ओढायचा, सगळं मला चोख येत होतं. वाचलेल्यातल्या एकाही वाक्याचा अर्थ मात्र येत नव्हता.

त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. सकाळी शाळेत मराठीच्या बाई कवितेचा अर्थ विचारायच्या आणि संध्याकाळी मदरशात अर्थ विचारायचा नसे. दोन्ही ठिकाणच्या रीती वेगळ्या, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. त्या पठणाचा नाद आजही माझ्या मनाला शांत करतो, हेही सांगायला हवं. नादाबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती.

मी सातवीत असताना फुफीच्या, म्हणजे अब्बांच्या बहिणीच्या, नावाचं पोस्टकार्ड आलं. ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती. घरात आम्ही दखनी बोलायचो. उर्दू लिहिणं-वाचणं फुफीला कुणी शिकवलं नव्हतं, पण कुरआनामुळे अक्षरं ओळखीची होती. उंबऱ्यावर बसून, बोट ठेवत ठेवत, तिनं ते कार्ड मोठ्यानं वाचलं. दोनच ओळी होत्या आणि दुसऱ्या ओळीत एकच शब्द तीनदा होता. जन्मभर त्या लिपीतलं वाचत आलेल्या फुफीला त्या लिपीतली एखादी गोष्ट वाचता वाचता पहिल्यांदाच समजली होती.

अब्बा मशिदीत जाऊन आले. “हो गया म्हणतात,” एवढंच बोलले आणि चप्पल न काढता ओट्यावर बसून राहिले. महिन्याभरानं फुफीच्या नवऱ्याला पस्तावा झाला, तो न्यायला आला. तेव्हा सांगण्यात आलं, आता तसं नेता येणार नाही. आधी तिचा दुसऱ्याशी निकाह व्हायला हवा, त्याच्याशी संसार व्हायला हवा, त्यानं सोडलं तरच. फुफीनं दाराआडूनच नाही म्हटलं. पुढची अडतीस वर्षं ती आमच्याकडे राहिली. शिवणाच्या मशीनवर तिनं मुलगा वाढवला.

खूप पुढे मला कळलं, की आमच्या त्या तालुक्याच्या गावात तीन गल्ल्या पलीकडे अहले-हदीस पंथाची मशीद होती. अब्बांनी तिथं विचारलं असतं तर उत्तर वेगळं मिळालं असतं. एका दमात, एका कागदावर दिलेले तीन तलाक त्यांच्या लेखी एकच. इद्दत, म्हणजे तलाकनंतरचा ठरावीक काळ, संपायच्या आत नवऱ्यानं बायकोला परत आणावं, झालं. ग्रंथ तोच, पैगंबर तेच, गावही तेच. आमचं कुटुंब हनफी परंपरेतलं म्हणून आमचा मुफ्ती वेगळा आणि म्हणून फुफीचं घर मोडलं. धर्माची आज्ञा म्हणून जे आम्ही मान खाली घालून ऐकलं, ते एका मसलकाचं, एका पंथशाखेचं वाचन होतं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी तलाकविषयीची आयत, म्हणजे कुरआनातलं वचन, काढून बसले. दुसऱ्या सूरहची, अल-बकराची, 229वी. तलाक दोनदा, असं ती म्हणते. त्यानंतर एक तर भलेपणानं नांदवा किंवा भलेपणानं निरोप द्या. अरबी शब्द आहे ‘मर्रतान’, म्हणजे दोन वेळा. आता दोन वेळा म्हणजे काय? एखाद्याला मी दोन वेळा भेटले म्हटलं, की मध्ये काही काळ गेला हे आपण धरूनच चालतो. दारात उभं राहून दोनदा नमस्कार केला तर ती भेट एकच. मधला तो काळच इथं मोलाचा आहे. राग उतरण्याचा, दोन्ही घरच्या मंडळींनी बसून बोलण्याचा. मध्यस्थ नेमायची सूचना तर चौथ्या सूरहच्या 35व्या आयतीत स्वतंत्रपणे आलेली आहे. पोस्टकार्डात हा काळ मावत नाही.

मग तीन तलाक एकदम लागू पडतात हे आलं कुठून? सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात इब्न अब्बास यांचं कथन आहे. पैगंबरांच्या काळात, अबू बक्रांच्या काळात आणि उमरांच्या खिलाफतीची पहिली दोन वर्षं असे तीन तलाक एकच धरले जात. लोक या बाबतीत उतावीळ होऊ लागले तेव्हा उमरांनी ते तीनच धरायचं ठरवलं. बहुसंख्य फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, पुढे तेच उचललं. तरी विरोधाचा सूर कधी बंद पडला नाही. चौदाव्या शतकात इब्न तैमिया यांनी तीन म्हणजे एक असं मत दिलं. तलाकविषयक मतांपायी त्यांना तुरुंगवासही घडला. आजचे कडवे लोकही त्यांचं नाव घेतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. इजिप्तनं 1929 च्या कायद्यात तीनचा एक केला. पाकिस्तानात 1961 पासून नोटीस आणि 90 दिवसांची मुदत आहे. ट्युनिशिया तर 1956 मध्ये बहुपत्नीत्वच बंद करून मोकळा झाला. बायकांमध्ये न्याय करता येत नसेल तर एकच, असं एक आयत सांगते आणि तुम्हाला तो न्याय करता येणारच नाही, असं त्याच सूरहतली दुसरी. या दोन ओळी शेजारी ठेवून वाचायच्या, एवढंच त्या वाचनाचं बळ.

आपल्या देशातली एक हकिकत मला या सगळ्यांहून बोलकी वाटते. हनफी फिक्हमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, नवऱ्यापासून सुटायला बाईला जवळजवळ वाटच नव्हती. नवरा परागंदा झाला, छळ करू लागला, तरी तिनं थांबायचं. इंग्रजी अमलात पंजाबातल्या काही बायकांनी वाट शोधली: इस्लाम सोडायचा, म्हणजे निकाह आपोआप तुटतो. हे बघून देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी हादरले. त्यांनी 1931 मध्ये ‘अल-हीलतुन-नाजिझा’ लिहून मालिकी या दुसऱ्या परंपरेच्या फिक्हमधली सुटकेची कारणं हनफी बायकांना खुली करून दिली. त्यातून 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. थानवी काही सुधारक नव्हते. पण बायका धर्माबाहेर चालल्या तेव्हा धर्माच्या आतलं दार त्यांना सापडलं. ज्याला बंद भिंत म्हणून दाखवलं जातं तिथं दार असू शकतं, हे मी थानवींकडूनच शिकले.

महाराष्ट्रात हमीद दलवाईंनी दुसरी वाट धरली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेला. तलाक, सवत, हे बंद करा म्हणून. 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. आयतीचा अर्थ काय यावर दलवाई अडून बसले नाहीत. माणूस म्हणून, नागरिक म्हणून बाईचा हक्क काय, एवढंच त्यांनी विचारलं. 1977 मध्ये ते गेले तेव्हा पंचेचाळिशीही गाठली नव्हती. आमच्या घरी त्यांचं नाव काढलं की अब्बा विषय बदलत. फुफी मात्र कान देऊन ऐकायची.

त्याच मुंबईत असगर अली इंजिनियर होते. बोहरा धर्मगुरूच्या घरात जन्मलेले, महापालिकेत अभियंता म्हणून नोकरी केलेले. ते म्हणायचे, कुरआनातली काही वचनं सर्व काळासाठी मूल्य सांगतात आणि काही त्या काळच्या अरबस्तानातल्या परिस्थितीशी बोलतात. दोन्ही एका तागडीत तोलू नका. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ फैझी यांनीही 1963 च्या त्यांच्या पुस्तकात धर्म आणि कायदा वेगळे काढायला सांगितलं होतं. तरुणपणी मला वाटे, दलवाई किंवा इंजिनियर, एकाची निवड करायला हवी. ग्रंथाच्या बाहेर उभं राहायचं किंवा आत राहून भांडायचं.

22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि माझी ही कोंडी सुटली. पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी तत्काळ तीन तलाक रद्द ठरवला. त्यातल्या दोघांनी, नरिमन आणि लळित यांनी, संविधानातल्या समानतेवर बोट ठेवलं. तिसरे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ कुरआनाच्या आयती वाचून त्याच ठिकाणी पोचले: जे कुरआनाच्या विरुद्ध आहे ते शरियत कसं असेल? यातली एक बाजू गळली असती तर बहुमत झालं नसतं. मी वर्तमानपत्र फुफीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मेरेकू बी मतलब होना.” मलाही अर्थ हवा. सत्तरी ओलांडलेल्या बाईला मी मराठी भाषांतर आणून दिलं. जाईपर्यंत रोज अर्धा तास ती ते वाचायची. 229व्या आयतीशी तिनं शिवणातला लाल दोरा घातला होता. तो अजून तिथंच आहे.

नवं वाचन सगळीकडे असं सुखानं स्वीकारलं जात नाही. कैरो विद्यापीठातले नस्र हामिद अबू झैद म्हणत, कुरआन माणसांच्या भाषेत आलं, म्हणून त्याचा अर्थ लावताना त्या भाषेचा आणि काळाचा अभ्यास हवा. 1995 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं त्यांना धर्मत्यागी ठरवून त्यांचा विवाह मोडला. बायकोनं मागितलं नव्हतं, नवऱ्यानं मागितलं नव्हतं. तिऱ्हाइतांनी दावा लावला होता. दोघंही प्राध्यापक. दोघांनी एकत्र देश सोडला आणि हॉलंडमध्ये संसार केला. हे वाचताना मला फुफी आठवत राहिली. अर्थ कुणी लावायचा, हा हक्क ज्यांच्या मुठीत असतो त्यांना घरं मोडायला एक कागद पुरतो.

आणि प्रत्येक आयत 229वीसारखी सोपी नाही, हे मी स्वतःपासून लपवत नाही. चौथ्या सूरहच्या 34व्या आयतीत बायको ऐकत नसेल तर काय करावं याच्या पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीला जे क्रियापद आहे त्याचा सरळ, रुळलेला अर्थ मारणं असा आहे. जुन्या भाष्यकारांनी ते इजा न होण्यापुरतं मर्यादित केलं. लाले बख्तियार यांनी 2007 च्या भाषांतरात त्या क्रियापदाचा अर्थ दूर होणं असा केला. अमिना वदूद यांनी ‘कुरआन आणि स्त्री’ हे पुस्तक 1992 मध्ये लिहिलं. पुढच्या पुस्तकात शब्दाची ओढाताण सोडून त्यांनी त्या वचनाच्या शब्दशः अमलाला नकारच दिला. मला वदूद यांचं म्हणणं जास्त प्रामाणिक वाटतं. चांगल्या मनानं वाचलं की चांगलाच अर्थ निघेल, हा भरवसा पुरेसा नाही. म्हणूनच वाचनाखाली कायद्याची घट्ट जमीन लागते. दलवाई मला आता परके वाटत नाहीत ते त्यामुळे.

निवृत्त झाल्यापासून दर शुक्रवारी दुपारी गल्लीतल्या नऊ मुली माझ्याकडे येतात. आधी अरबीत पठण, मग मराठीत अर्थ, मग प्रश्न. रेहल तीच आहे, जुजदान फुफीनं शिवलेलं. अल-बकरा झाली, आले-इमरान झाली. आता आम्ही चौथ्या सूरहवर, अन-निसावर आहोत. पुढच्या शुक्रवारी 34वी आयत येईल. मुली विचारतील. मी तिन्ही वाचनं काढून ठेवली आहेत.