सोयीचें ऋण

नाशकाहून पंचवटी एक्स्प्रेसनें मुंबईस जाणाऱ्या आम्हांस बोगदे नवे नाहींत. कसारा घाटांत डोंगर आडवा आला म्हणून तो फोडावा लागला. आरे ते कफ परेड या ३३.५ किलोमीटरांच्या मेट्रोमार्गाला मात्र माणसांनींच वर जागा ठेविली नव्हती. म्हणून तो बहुतेक सारा भुयारांतून न्यावा लागला. २०२५ च्या ऑक्टोबरांत तो पूर्ण झाला, आणि आतां आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून सुखानें भुयारांत शिरतों.

परंतु भूमीखालच्या या सुखाचें मोल भूमीवर दिलें गेलें. कारशेडसाठीं आरेंतील झाडांवर ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्रीं कुऱ्हाड चालली. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें ती थांबविली, तोंवर दोन हजारांवर झाडें पडलीं होतीं.

बहुतांच्या हितासाठीं थोडें गमवावें, हा युक्तिवाद पोकळ नाहीं. लोकलच्या दारांत लोंबकळणाऱ्याचा जीवहि जीवच आहे. पण हित मोठें ठरलें म्हणजे ऋण फिटत नाहीं. आणि जें न्याय्य आहे त्याला रात्रीची घाई कशाला?

आमचें मन तरी निःपक्षपाती कोठें आहे? २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठीं आमच्याच तपोवनांतील झाडांवर गदा येतांच नाशिककर खडबडून उठले. आरेच्या वेळीं आम्ही वर्तमानपत्र घडी करून ठेविलें होतें. दूरच्या झाडाची सावलीहि सावलीच असते, एवढें कळण्यास तें झाड आमच्या अंगणांतलें असावें लागलें.